बोट लागणं

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार मागाहून, आधी तक्रार.

तू शिवून पाठवलेला पांढरा कोट मिळाला. खांद्यात असा चपखल बसलाय की आरशासमोरून हलवेना. सकाळी तो घालून ऐटीत औषधशास्त्राच्या वर्गात गेले, फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि खडू खिशात टाकला. खडू जमिनीवर. उचलून पुन्हा टाकला, पुन्हा जमिनीवर. मग चाचपून पाहिलं तर खिसा वरूनही शिवलेला. दुसराही तसाच. आणि टीप इतकी बारीक, इतकी सरळ की उसवायला जीव होईना. पुढच्या बाकावरच्या मुली वहीत तोंड घालून हसत होत्या. नोकरीचा पहिला महिना, अंगात नवा कोट आणि दोन्ही खिसे बंद. बाईंचा दरारा तिथेच संपला.

हसून झाल्यावर मात्र मी जरा विचारात पडले. तुझ्या हातून हे कसं झालं? तू कधी एक काजसुद्धा वाकडं केलेलं मी पाहिलं नाही.

आईला कोटाचं सांगितलं नाही, कारण ती आधीच पेटलेली आहे. हल्ली रविवारी तुझा फोन नुसता वाजत राहतो म्हणे. तिने निकाल देऊनही टाकला: बहीण विसरभोळी झाली, एकटी राहणं आता धड नाही, दुकानाला कुलूप लावून तिला इकडे आणायचं. मागची खोली आवरायला घेतली आहे. तुझ्या शिवणयंत्रासाठी जागा मात्र ठेवलेली दिसली नाही.

उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव. घरी फोन केलास तर तो आईच उचलते आणि मग आपल्या वाट्याला काही उरत नाही.

तुझी भाची

*

९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

खिसे उसवायला धारदार पातं वापर, कात्री नको. आणि मुलांना सांग की खडू हातात धरायची वस्तू आहे.

तुझ्यापासून काय लपवायचं, हल्ली थोडी गडबड होते खरी. परवा एका गिऱ्हाइकाच्या उशीची खोळ मी चारही बाजूंनी शिवून टाकली. उशी बाहेर, खोळ बंद, आणि मी ती अभिमानाने घडी घालून बाईंच्या हातात दिली. त्याही भल्या, घरी जाऊन मग परत आल्या.

वय झालं, दुसरं काय. सुईत दोरा जात नाही. चष्मा लावला तरी जवळचं सगळं धुकट. लांबचं मात्र लख्ख, रस्त्यापलीकडच्या बेकरीत कोण काय घेतं ते सांगेन. तोंड सारखं सुकतं, जीभ टाळूला चिकटते. दुपारी कापड बेततानाच डुलकी येते. कधी कधी छातीतही धडधडतं, पण ते राहू दे, त्याचं कारण मला ठाऊक आहे.

रविवारी मी बाहेरच्या कामाला जाते. गाद्यांची मापं घ्यायची असतात. एवढंच आईला सांग. विसरभोळी वगैरे काही नाही म्हणावं, तिने माझ्याकडून नेलेली मोठी कात्री अजून परत दिलेली नाही हे मला पक्कं आठवतं.

एखादं टॉनिक असेल तर नाव कळव. चवीला बरं असलेलं.

मावशी

*

१२ फेब्रुवारी

मावशी,

टॉनिक मिळणार नाही. आधी रक्तातली साखर तपास. तोंडाला कोरड, धूसर नजर, दिवसा झोप, हे ऐकून पहिली शंका तीच येते. शिवाय तू कोणत्या गोळ्या घेतेस ते सगळं लिही, झोपेची, सर्दीची, शेजारणीने दिलेली, सगळी.

आणि छातीतल्या धडधडीचं कारण तुला ठाऊक असेल तर मलाही ठाऊक असू दे. ‘ते राहू दे’ हे वाक्य आमच्या धंद्यात चालत नाही.

इकडे मी तुझ्या दुखण्याचाच धडा शिकवते आहे, म्हणजे आपल्याला न विचारता शरीर चालवणाऱ्या मज्जासंस्थेचा. पुस्तकी भाषेत सुरुवात केली तर अर्धा वर्ग पेंगला. मग पुस्तक मिटलं आणि विचारलं, वाघ समोर आला तर काय होतं? एकेक जण बोलायला लागला. तोंडचं पाणी पळतं, घाम फुटतो, अंगावर काटा येतो, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, डोळे विस्फारतात. मी म्हटलं, झाला की निम्मा धडा. ही सगळी एका बाजूच्या तारांची कामं. दुसऱ्या बाजूच्या तारा म्हणजे जेवून निवांत टेकलेला माणूस: तोंडाला पाणी, पोट कामाला, ठोके संथ, बाहुली लहान. आणि आमची औषधं या दोन्ही तारांवर कुठे ना कुठे बोट ठेवतात. त्या दिवशी कोणी झोपलं नाही.

शिकवताना माझंच तोंड सुकलं होतं, पण ते घाबरल्यामुळे. तुझं का सुकतं ते शोधायचं आहे. आईचा बेत पुढे सरकला आहे, ती गाडीची तिकिटं काढायच्या गोष्टी करते आहे.

तुझी भाची

*

१७ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

साखर तपासली. ठणठणीत. तपासणारा म्हणाला, एवढी छान साखर या वयात कमी लोकांची असते. गोळी कुठलीच घेत नाही. आता तरी टॉनिक पाठव.

एक गंमत मात्र झाली. आज दुपारी टपालवाली पाकीट द्यायला आली, माझ्याकडे पाहून तिने पाकीट तसंच हातात धरलं आणि म्हणाली, बाई, तुमचा एक डोळा मोठा झालाय. आरशात पाहिलं तर खरंच. डावी बाहुली नेहमीसारखी आणि उजवी एवढी मोठी की डोळा नुसता काळा दिसतो. उजेड त्या डोळ्याला सोसवत नाही. दुखत मात्र काही नाही. टपालवाली बिचारी पाणी पिऊन गेली. मी तिला म्हटलं, अहो, अर्धी मी घाबरले आहे आणि अर्धी नाही, माझ्या भाचीच्या धड्यासारखं. तुझा धडा तिला कुठला ठाऊक, पण हसली.

रविवारचा दिवस फारसा बरा गेला नाही. त्याबद्दल नंतर कधीतरी.

मावशी

*

१९ फेब्रुवारी

मावशी,

ही गंमत नाही. हे पत्र तुझ्या गावाकडे निघालेल्या आमच्या कॉलेजच्या गाडीबरोबर पाठवते आहे. गाडीवाला ते तुझ्या हातात देईल, आणि वाचून झाल्यावर त्याच गाडीत बसून तू डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आहेस. तिथली डॉक्टर माझी वर्गमैत्रीण आहे, तिच्याशी मी बोलून ठेवलं आहे.

घाबरवायचं नव्हतं, पण तू हसून उडवून लावशील म्हणून सांगते. एकच बाहुली अशी अचानक मोठी होते तेव्हा डोक्यात कुठे डोळ्याची नस दाबली तर जात नाही ना, हे आधी बघावं लागतं. डोकं दुखतंय का, पापणी खाली आली आहे का, एकाचे दोन दिसतात का, हे मैत्रीण विचारेल. खरं सांग. शूरपणा करू नकोस.

ती तुझ्या दोन्ही डोळ्यांत एक थेंब घालेल. तो बाहुली बारीक करणारा आहे. उजवी बाहुली त्याने बारीक झाली तर दोष नसेचा समजायचा आणि पुढच्या तपासण्या लगेच करायच्या. नाही झाली तर मला जरा हायसं वाटेल. का ते मागाहून सांगते.

आईला सांगितलेलं नाही. काल जेवताना ती म्हणाली की मी काहीतरी लपवते आहे. मी भात नाकात गेल्याचं सोंग केलं.

भाची

*

२१ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझा गाडीवाला दारात उभा राहिला आणि मला चहाही उकळू दिला नाही, तसंच उचललं. वाटेत पत्र वाचायला गेले तर अक्षरं दिसेनात. शेवटी त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं. ‘शूरपणा करू नकोस’ हे त्याने दोनदा वाचलं.

तुझी मैत्रीण गोड आहे, पण तिचे हात बर्फासारखे गार आहेत हे तिला सांग. तिने डोकं, पापण्या, सगळं विचारलं. बोट डावीकडे न्यायची, उजवीकडे न्यायची, मी बघायचं. डोळ्यातला दाब मोजला, तो चांगला निघाला. मग तो थेंब. आम्ही बसून राहिलो. तेवढ्या वेळात मी तिच्या खिडकीच्या पडद्याची मापं मनातल्या मनात घेतली, फार वाईट शिवलेले आहेत.

खरं सांगू, बसल्या बसल्या घाबरले होते. डोळा गेला तर हात काय कामाचे, असं वाटत होतं. तुझ्या आईच्या त्या मागच्या खोलीत मी खिडकीशी बसले आहे आणि कोणीतरी मला दुधाचा पेला आणून देतं आहे, हे डोळ्यासमोर आलं. तो एवढा एक विचार सोसवत नाही गं मला. दुकान लहान आहे, पण सकाळी त्याचं दार मी उघडते.

तर निकाल असा. डावी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली. उजवी ढिम्म हलली नाही. मला वाटलं, संपलं. आणि तुझी मैत्रीण चक्क हसली. म्हणाली, छान झालं, नस शाबूत आहे, तुमच्या डोळ्यात कुठलंतरी औषध गेलंय. मी म्हटलं, मी डोळ्यात काहीही घातलेलं नाही, शपथ घेते. मी लहानपणी साखर चोरून खाल्ल्यावर तुझी आजी पाहायची तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

मी खरंच काही घातलेलं नाही.

मावशी

*

२४ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र कॉलेजच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. इतके दिवस देव पाण्यात घालून बसले होते.

आता नीट ऐक. तुझ्या भाषेत सांगते, आणि हेच पुढच्या आठवड्यात वर्गातही सांगणार आहे.

बाहुलीभोवती एक गोल स्नायू असतो, पिशवीच्या तोंडाला नाडी असते तसा. नाडी ओढली की तोंड लहान. ती ओढायचा निरोप नस पाठवते. निरोप म्हणजे एक बटण समज आणि स्नायूवर असतात त्याची काजं. बटण काजात बसलं की नाडी ओढली जाते. आता नस बिघडली तर बटणं यायची थांबतात, पण काजं मोकळीच असतात. मग आम्ही थेंबातून बाहेरची बटणं घालतो, ती बसतात आणि बाहुली बारीक होते. तुझी झाली नाही. म्हणजे काजं मोकळी नाहीत. त्यांत आधीच कुठलंतरी भलतंच बटण जाऊन बसलं आहे, जे नाडीही ओढत नाही आणि दुसऱ्याला जागाही देत नाही.

अशी काजं लाळ सोडणाऱ्या ग्रंथींवरही असतात, म्हणून तोंड कोरडं. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगवणाऱ्या स्नायूवरही असतात, म्हणून सुईत दोरा जात नाही आणि चष्माही उपयोगी पडत नाही. मेंदूतही असतात, म्हणून डुलक्या, आणि म्हणून चारही बाजूंनी शिवलेली खोळ आणि माझे खिसे. मावशी, हे वय नाही. हे औषध आहे. फक्त डोळ्यात नाही, ते तुझ्या अंगातही फिरतं आहे.

कुठून आलं ते तूच सांगू शकतेस. अंगणात धोतरा उपटलास का? त्यात असंच द्रव्य असतं. कुणी पोटदुखीचं काही दिलं का? की कानामागे काही चिकटवतेस?

आणि तुझ्या पत्रांत रविवार सारखा का डोकावतो? गाद्यांची मापं इतक्या रविवारी घ्यावी लागतात, म्हणजे ती गादी रोज वाढते की काय?

आईने तिकीट काढलं. ७ मार्चला, शनिवारी ती तुझ्याकडे पोचते आहे. तिची मोठी बॅग रिकामी आहे, तुझे कपडे भरायला. त्याआधी मला खरं कळलं तर मी तिला थोपवू शकेन.

भाची

*

२७ फेब्रुवारी

बाळ,

हरले. सांगते.

कानामागे पट्टी चिकटवते. गोल, लहान, चामडीच्या रंगाची. बोट लागू नये म्हणून. तुला माहीत आहे, आम्हा दोघी बहिणींना पाण्यावर पाऊल टाकलं की मळमळतं. औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, ही लावा, तीन दिवस चालते. मी शनिवारी लावते, रविवारी बोटीने समोरच्या बेटावर जाते, आणि तीन दिवस चालते म्हणून मंगळवारपर्यंत काढत नाही. पैसे दिलेत, फुकट का घालवायची. त्या १७ तारखेच्या मंगळवारी काढली, चुरगळून टाकली आणि मग डोळा चुरचुरला म्हणून त्याच बोटाने चोळला. तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. बोट लागू नये म्हणून पट्टी, आणि डोळ्याला लागलं ते हे बोट. ती गोळी नाही म्हणून मी तुला सांगितली नव्हती. थोडं त्यामुळे आणि थोडं बेटामुळे.

बेटावर बोटी दुरुस्त करायचा कारखाना आहे. त्यांच्या बाकांच्या गाद्यांचं काम मला मिळालं. तिथे एक रंगारी आहेत. बोटींवर नावं लिहितात. साठीच्या पुढचे, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. कमी बोलतात. काही विचारलं की आधी कुंचला पुसतात, मग उत्तर देतात, आणि उत्तर नेमकं असतं. मी मापं घेत होते, ते अक्षरं काढत होते, दोघांचंही काम रेघेचं. गप्पा सुरू झाल्या. गाद्या कधीच शिवून झाल्या. मी मापं घ्यायला जातच राहिले.

आता हस. पण मी हसत नव्हते. बोटीतून उतरले की तोंडाला कोरड पडायची, छातीत धडधडायचं, त्यांचा चेहरा जवळ आला की धुकट दिसायचा. मला वाटलं, हे प्रेम असावं. मला कुठला अनुभव, जन्म सगळा दुकानात गेला. लोक म्हणतात ते असंच असेल असं धरून चालले आणि, खोटं कशाला बोलू, सुखात होते.

१५ तारखेला त्यांनी मला शेडमध्ये नेलं. त्यांची स्वतःची लहान होडी आहे, तिला नाव द्यायचं होतं. दोन फळ्या पुढे केल्या, पेन्सिलीने पुसट अक्षरं काढलेली. म्हणाले, यातलं कोणतं? मला दोन्हींवर नुसती जळमटं दिसत होती. चष्मा लावून काही उपयोग नाही हे माहीत होतं, आणि दिसत नाही असं त्यांच्यापुढे म्हणायला लाज वाटली. म्हणून एकीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ही बरी. ती दुसरी नको, फार जुनाट वाटते. त्यांनी कुंचला पुसला, बराच वेळ पुसला, आणि ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर माझ्याशी बोललेच नाहीत. बोटीपर्यंत सोडायलाही आले नाहीत. मी काय चुकले ते मला कळत नाही. बहुतेक त्यांनी मला उजेडात नीट पाहिलं असेल.

त्यानंतर मी गेलेले नाही. पट्ट्याही फेकून दिल्या. बाहुली आता जवळजवळ पूर्ववत झाली आहे, काल पहिल्या फटक्यात सुई ओवली आणि एकटीच हसले.

पण तुझ्या पत्राने एक घोळ करून ठेवला. कोरड पट्टीची, धुकं पट्टीचं, तर मग माझं असं त्यात काय होतं? सगळंच औषधाच्या दुकानातून आणलेलं होतं म्हणायचं का?

मावशी

*

२ मार्च

माझी लाडकी मावशी,

तुझं पत्र मी हसत वाचायला घेतलं आणि शेवटच्या ओळींपाशी हसू थांबलं.

आता औषधशास्त्राची शिक्षिका म्हणून उत्तर देते, भाची म्हणून नाही. कोरड पट्टीची, कबूल. धुकं पट्टीचं, कबूल. झोप आणि गोंधळही तिचाच. पण धडधड तिच्या नावावर घालता येत नाही. हे औषध पट्टीतून इतक्या थोड्या प्रमाणात अंगात जातं की हृदय धावत सुटत नाही. उलट एवढ्या मात्रेत ठोके किंचित संथच व्हायला बघतात. मी खात्रीसाठी पुस्तक उघडून पुन्हा वाचलं, वर आमच्या विभागप्रमुखांनाही विचारलं, तुझं नाव न घेता. म्हणजे पट्टी तुझं हृदय मागे ओढत होती आणि ते तरीही धावत होतं. ती धडधड तुझी स्वतःची आहे, मावशी.

आणि त्या फळ्या. तू नाव वाचलंच नाहीस. न वाचता एकाला नाही म्हणालीस. कशाला नाही म्हणालीस ते जाऊन वाच ना. पट्टी न लावता जा. मळमळेल, बोटीच्या मधोमध बस, लांब क्षितिजाकडे बघ, पोट अगदी रिकामं ठेवू नकोस. यापेक्षा जास्त उपाय माझ्याजवळ नाही.

आईला थोपवणं जमलं नाही. ती शनिवारी येतेच आहे. तुझं गुपित मी तिला सांगितलेलं नाही. ते तुझं आहे, तू सांग किंवा नको सांगूस. डोळ्याची आणि पट्टीची हकिगत मात्र सांगितली, म्हणजे विसरभोळेपणाचा मुद्दा निकालात निघाला. ते ऐकून घेऊन ती म्हणाली, पण ही बोटीत कशाला बसत होती?

त्याचं उत्तर तुझ्याकडे.

तुझी भाची

*

१० मार्च

मास्तरीणबाई,

बैस आणि वाच. घाईत वाचायचं पत्र नाही.

ताई शनिवारी आली, ती मोठी बॅग घेऊन. दुकानात शिरली आणि आधी माझे डोळे उजेडात धरून पाहिले. मग सुई-दोरा पुढे केला. मी ओवून दाखवला. मग चहा पिताना तिने तोच प्रश्न टाकला, बोटीत कशाला बसत होतीस. मी सगळं सांगितलं, मान खाली घालून, शाळेत सांगायचे तसं. तिने कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले. मग म्हणाली, उद्या मीही येते, माणूस बघून घेते.

मी म्हटलं, तुला बोट लागते. ती म्हणाली, तुलाही लागते.

तर अशा आम्ही दोघी रविवारी सकाळी बोटीच्या मधोमध, क्षितिजाकडे डोळे लावून, एकमेकींचा हात धरून बसलो. तुझं क्षितिज काही उपयोगी पडलं नाही. अर्ध्या वाटेत ताई उठली आणि कठड्याकडे धावली, तिच्या मागे मी. तिथे शेजारी शेजारी ओणव्या होऊन आम्ही जे काही केलं ते लिहीत नाही. मधेच तिने डोकं वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. मलाही हसू आवरेना. हसावं की ओकावं ते कळेना, दोन्ही आळीपाळीने केलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा हसलो नव्हतो.

बेटावर उतरलो तेव्हा आमचे चेहरे दुधीसारखे झाले होते. केस विस्कटलेले, माझ्या पोशाखाच्या बाहीवर डाग. मी म्हटलं, ताई, परत जाऊ, अशा अवतारात नको. तिने ऐकलं नाही. रंगारी शेडच्या दारात होते. आम्हाला पाहून कुंचला न पुसताच खाली ठेवला, धावत जाऊन पाणी आणलं, लिंबू कापून आणलं, दोन स्टुलं सावलीत मांडली. माझ्यासोबत कोण, कशाला आलो, एक अक्षर विचारलं नाही. आम्ही लिंबू चोखत बसलो. ताई डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना बघत होती. थोड्या वेळाने माझ्या कानाशी म्हणाली, लिंबाच्या बिया काढून दिल्यात त्याने. तेवढ्याने ती निम्मी विरघळली असावी.

मग ती उठून शेडमध्ये फिरायला लागली, तुझ्या आईला कुठे गप्प बसवतं. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या फळ्या तिने पाहिल्या. चष्मा सारखा केला आणि त्यांतली एक मोठ्याने वाचली.

“बिट्टी. अगं, हे तर तुझं नाव.”

लहानपणी मला घरात बिट्टी म्हणायचे, तुला माहीत नसेल. मी सगळ्यांत बुटकी म्हणून. ते नाव घ्यायला आता ताईशिवाय कोणी उरलेलं नाही. बोलण्याच्या ओघात मी एकदा त्यांना सांगितलं होतं आणि सांगितल्याचं विसरूनही गेले होते. ती फळी मी हातात घेतली. पेन्सिलीची रेघन् रेघ दिसत होती. वेलांटीला त्यांनी असा बाक दिला होता की त्या अक्षरावरून हात फिरवावासा वाटला. आणि याच फळीला मी जुनाट म्हणाले होते.

रंगारी कानापर्यंत लाल झाले होते. ताईसमोर बोलावं की नाही त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, “तुम्ही वाचून नको म्हणालात, असं मला वाटलं.”

मी म्हटलं, “मला वाचताच आलं नव्हतं. डोळ्यांना दिसत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटली.”

त्यांनी हातात कुंचला नसतानाही बोटं फडक्याला पुसली. मग विचारलं, “आता दिसतंय?”

“दिसतंय.”

“मग?”

“हेच लिहा,” मी म्हटलं.

बाळ, त्या वेळी माझ्या छातीत जे चाललं होतं ते ताईलाही ऐकू जात असेल असं मला वाटलं. तोंडही सुकलं होतं. कानामागे काही नव्हतं. एवढं तुझ्या विभागप्रमुखांना कळव, नाव न घेता.

पुढचं सगळं तिथेच, लाकडाच्या भुशात बसून ठरलं. लग्न कचेरीत सही करून, साधं. ते म्हणाले, बाईंना बेटावर आणून रोज आजारी पाडायचं नाही. कारखान्याचं काम कमी करून ते इकडे येतील. बोटींना नावं लागतात तशा दुकानांना पाट्या लागतात, आणि आमच्या रस्त्यावरच्या पाट्या किती वाईट आहेत ते त्यांनी पाहिलेलं नाही अजून. दुकानाच्या मागच्या भागात त्यांच्या रंगांना जागा करायची आहे. ताईने लगेच उठून हवेतच भिंत पाडून दाखवली, इथे तुझं टेबल, इथे ह्यांचे डबे, मधे पडदा, नाहीतर कापडाला रंग लागेल. दुकान बंद करायला आलेली बाई दुकान वाढवत बसली होती. आठवण करून द्यायला मी वेडी नाही.

येताना समुद्र शांत होता. बेट मागे पडत होतं आणि रंगारी धक्क्यावर उभे होते, बराच वेळ. ताई त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं तिला पुन्हा मळमळतंय. पण तिचे डोळे भरले होते. म्हणाली, “इतकी वर्षं रोज झोपायच्या आधी तुझा विचार यायचा, एकटी आहेस म्हणून. आता मी काळजी कुणाची करू?”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, “सवय मोडू नकोस, ताई. माझीच करत जा.”

मावशी